पुरलेला आजा

१

भवानीदास भाट कापसात सापडला. चैत्रातली सकाळ होती, अमरावतीच्या कापूसपेठेत गाड्यांची रीघ लागलेली. हमालांनी एका गंजीतून कापूस उपसायला घेतला, तर आतून माणसाचा पाय निघाला. हमाल ओरडले, गाडीवान धावले आणि दोन घटकांत अर्धं गाव तिथे गोळा झालं. आमच्या गावाला कामधंदा नाही असं नाही, पण प्रेत म्हटलं की सगळ्यांनाच सवड होते.

मलाही झाली. मी कमलाकांत, मुखत्यारी करतो. म्हणजे लोकांची भांडणं त्यांच्या वतीने इंग्रज साहेबापुढे भांडतो. माझी बायको रमा म्हणते, मी तिरसट आहे आणि स्वतःच्या हुशारीवर माझा फार जीव आहे. तिचं पहिलं म्हणणं मी तेव्हाही मानत होतो.

त्या सकाळी मी भाटालाच शोधत आलो होतो. कुणब्यांच्या घरोघर फिरून कोणाचा बाप कोण, आजा कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवायचं हे भाटांचं काम. भवानीदासाकडे लाल खारव्यात गुंडाळलेलं जाडजूड बाड होतं. ते सोमवारी साहेबापुढे उघडायचं ठरलं होतं.

कारण असं की जांभळखेडचा जानराव पाटील सात दिवसांपूर्वी पटकीने गेला. मुलगा नाही. मागे बायको मनकर्णा, पाटीलकी आणि पाटीलकीची उत्तम काळी जमीन. अमेरिकेत भाऊभाऊ लढायला लागल्यापासून वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. बोंडाबरोबर जमिनीला आला आणि जमिनीबरोबर आज्या-पणज्यांनाही. ज्यांना बापाचं श्राद्ध आठवत नव्हतं ते खापरपणज्याचं नाव विचारत फिरत होते.

जानरावाचा चुलतआजा रंभाजी. तो तरुणपणी गाव सोडून गेला होता, आणि आता त्याचे दोन नातू उगवले होते. एक अकोल्याकडचा पुंजाराम, गरीब शेतकरी. दुसरा चांदूर बाजाराच्या वाटेवरचा खुशालराव, कापसावर गबर झालेला. दोघेही म्हणत, रंभाजी माझा आजा. खरं काय ते भाटाच्या बाडात होतं.

हमालांनी प्रेत गाडीवर ठेवलं. भवानीदासाच्या कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता, त्यात अक्षता चिकटलेल्या. गळ्यात कोरा शेला होता, आणि त्याच शेल्याने त्याचा गळा आवळलेला होता. मी मूर्खासारखा त्या शेल्याकडेच पाहत राहिलो.

"बाड कुठे आहे?" मी विचारलं.

बाड नव्हतं. गंजीच्या पलीकडे रात्री झोपलेल्या एका माणसाला मात्र फौजदाराने धरलं होतं. सात दिवसांची दाढी, अंगावर मळकी बंडी. काल दिवस बुडता बुडता हाच माणूस भाटाशी झटापट करत होता, असं चार गाडीवान सांगत होते. तो पुंजाराम होता.

२

बाड नाहीसं होऊन फायदा कोणाचा, हा पहिला प्रश्न. माणसं तीनच होती, आणि त्यांतली एक माझीच अशील.

ती मनकर्णाबाई. अमरावतीत भावाकडे उतरली होती. रिकाम्या खोलीत उघड्या जमिनीवर बसलेली. मी आडवळणाने सुरुवात केली, तर तिने मला मध्येच तोडलं.

"सरळ इचारा ना, पंत. भाट मेला त मले फायदाच हाये. वारस सापडला नाई, त मी भावाचा पोरगा दत्तक घेईन. पन मी दारातून हाल्ली नाई. या दिवसांत मी कुठं जाऊ?"

तिथून मी चावडीमागच्या कोठडीवर गेलो. पाचांच्या जागेत चौदा माणसं. दोघं कोपऱ्यात ओकत पडली होती, आणि शिपाई नाकाला धोतर लावून बाहेर उभा होता. पुंजाराम गजांशी आला.

"तू त्याचं बाड हिसकावलंस?"

"हिसकाव्याले गेलो, हे खरं हाये जी. मारलं नाई."

"कशाला हिसकावलंस? तुला वाचता येतं?"

"नाई ना. माहं नाव लिवलं हाये म्हने. म्या म्हटलं, मले दाखव, कसं दिसते ते. थो म्हने, सोमवारी साहेबासामने आयकजो. तीन दिस पायी आलतो, पंत. मले राग आला." त्याने गज धरले. "फाशी देतीन का मले?"

मी गजांपासून वळलो. बाहेर फौजदार म्हणाला, "तुम्ही जामीन राहिलात तर सोडतो. पळाला तर मात्र बेडी तुमच्या पायात."

"पुरावा हाती आला की बघू," मी म्हणालो.

खुशालराव पेठेत भाड्याच्या घरात राहत होता. फौजदाराने घराची झडती घेतली होती; काही मिळालं नव्हतं. माणूस मोठा मोकळा. विचारायच्या आधीच सगळं सांगायचा.

"भाट माह्याकडेच जेवला, पंत. पुरनाचं जेवन घातलं. मंग वसरीवर बसून त्यानं सात पिढ्या म्हटल्या, का रंभाजी खुशालरावाचा आजा. चार मानसं होती, इचारा त्याइले. म्या सोताच्या हातानं कुंकू लावलं, शेला बांधला अन् बाड काखेत देऊन रवाना केलं. पुढं त्या पुंज्यानं गाठला असन."

"आणि बाड गेलं?"

"जाऊ द्या ना. कागद जाते, गोटा जात नाई. माह्या मळ्यात आज्याची समाधी हाये, नाव कोरलेली. साहेबानं घोड्यावरून उतरून पाह्यली. आज्याले देवी आल्या होत्या, म्हून पुरला त्याले. आज पहाटीच मळ्यात जाऊन चुना मारून आलो."

त्याच्या नखांत चुना होताच. आमच्या साहेबाला कागदापेक्षा दगडावर भरवसा, हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होतं. त्याच्या देशात म्हणे थडग्यांवरूनच घराणी वाचतात.

त्या चार माणसांना मी गाठलं. चारही खुशालरावाची कुळं. चौघांनी एकच वाक्य एकाच चालीत म्हणून दाखवलं. पढवलेला पोपटही कधीतरी चुकतो. हे चुकले नाहीत. पण खोटं आहे हे कळणं वेगळं आणि खोटं सिद्ध करणं वेगळं. मेलेला भाट बोलणार नव्हता. मग रंभाजीला ओळखणारं जिवंत माणूस शोधणं भाग होतं. पुंजाराम म्हणाला होता, "माही काकू हाये घरी. तिले सारं ठाव हाये."

३

अमरावतीहून अकोल्याकडे जायला गाडी मिळेना. बैल म्हणून जेवढा होता तेवढा कापूस ओढत होता. शेवटी तिप्पट भाडं कबूल करून एक मोडकी रेंगी मिळाली, आणि उन्हाने भाजत मी नवव्या दिवशी मोर्णा नदीकाठच्या पुंजारामाच्या खेड्यात पोचलो. नववा म्हणजे जानराव गेल्यापासूनचा. वाटेत दोन गावांच्या वेशीवर पटकीची खूण म्हणून लिंबाचे डहाळे बांधलेले दिसले.

पुंजारामाची चुलती पार्वताबाई अंगणात बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पण नजर सुईसारखी. शेजारी पुंजारामाची बायको जमुना, मांडीवर तान्हा मुलगा. मी ओटीवर बसलो. घसा कोरडा पडला होता, मी पाणी मागितलं.

जमुना उठली नाही. तिने चुलतसासूकडे पाहिलं.

"आमच्या घरचं चालन का तुमाले?" पार्वताबाई म्हणाली. "जांभळखेडचा पाटील गेला ना, सुतक हाये आमाले. शेजारून मांगून देतो."

"इतक्या लांबचं पाळता?"

"लांबचं? रंभाजीबोवा माहा सासरा. भाऊबंद मेला का दहा दिस पाळाच लागते. देवाजवळ दिवा नाई, कपाळाले कुंकू नाई, गोडधोड नाई. पुंजाराम गेला तवा त्याले सांगूनच पाठोला, का दाहाव्याले दाढी काढजो, तवरी कोनाच्या पाया पडू नोको."

शेजारणीने पाणी आणून दिलं. मी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच थांबलो.

कपाळाला कुंकू. मेलेल्या भाटाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि पोटात पुरणपोळी.

"काकू," मी हळूच म्हणालो, "सुतकाच्या घरी भाट जेवतो?"

म्हातारी माझ्याकडे अशी पाहायला लागली की हा बामण शिकलेला आहे का असाच आहे. "भाट? सुतकात त्याच्यासामने आमाले बाडाले हात लावता येत नाई. वंश म्हनते त टिळा लावा लागते, शेला द्या लागते. त्या घरी थो पानी बी घेत नाई. दाहा दिस झाले का मंग येते."

मी तांब्या खाली ठेवला. खुशालरावाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की सहाव्या दिवशी त्याने भाटाला पुरण घातलं आणि कुंकू लावलं. तो खरंच रंभाजीचा नातू असता, तर त्याच्या घरी सुतक असतं. समाधीला चुना मारायचं दूर, त्याने देवाला हातही लावला नसता. कुळाच्या गोष्टी त्याने पाठ केल्या होत्या, पण सुतक पाठ करून येत नाही. ते लहानपणापासून अंगात मुरावं लागतं.

आणि भाट तिथे आनंदाने जेवला, कारण हे घर भाऊबंदांचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मग हा खुशालराव तुमचा कोण?" मी विचारलं.

"रंभाजीबोवाच्या बहिनीचा नातू. लेकीकडचा. आमच्या घरच्या साऱ्या गोठी त्याले आजीनं सांगतलेल्या."

"आणि त्याच्या मळ्यातली रंभाजीची समाधी?"

पार्वताबाई प्रथमच हसली, आणि ते हसणं बरं नव्हतं. "माह्या सासऱ्याले पुरलं म्हनते? काहून? लगीन झालेला, नातवंडं पाह्यलेला मानूस. बिनलग्नाच्या पोराले पुरते, नाई त देवीनं मेलेल्याले. बोवा म्हातारपनी गेला, ह्याच घरात. थ्या मोर्णेकाठी जाळला त्याले, म्या डोयानं धूर पाह्यला."

मग समाधीच्या त्या चौथऱ्याखाली काय होतं? खून झाला त्याच्या दुसऱ्याच पहाटे, घाईघाईने चुना मारावा असं काय?

४

जमुना मूल काखेत घेऊन माझ्याबरोबर रेंगीत बसली. दोन दिवसांच्या वाटेत ती मुलावर पदराची सावली धरून बसली होती. मी मात्र बोलत होतो. सुतकाचा पेच तिला दोनदा समजावून सांगितला, एवढा मी खूष होतो.

अकराव्या दिवशी सकाळी आम्ही अमरावतीत शिरलो. कोठडीतून दोन प्रेतं पटकीने बाहेर गेली होती. पुंजाराम धड होता. जमुनाने गजांतून त्याला मूल दाखवलं आणि परत माझ्याकडे आली.

"पंत, तुमी म्हनता का तुमाले सारं समजलं. मंग आदी त्याले काढा ना भाईर. तुमी जामीन राहान त सोडतो म्हने फौजदार."

मी विचार केला. जामीनखताचा कागद आणायचा, लिहायचा, साहेबाची सही घ्यायची. दिवस मोडला असता. खुशालरावाला वास लागला तर तो चौथरा उकरून मोकळा झाला असता. ही कारणं खरी होती. पण खरं कारण सांगतो, आता लपवून काय उपयोग? मला अर्धवट कोडं साहेबापुढे न्यायचं नव्हतं. बाड हातात घेऊन, सगळे धागे जुळवून, मला कचेरीत उभं राहायचं होतं.

"एक दिवस थांब," मी म्हणालो. "उद्या तो मानाने सुटेल. जामिनावर सुटलेला माणूस चोरासारखा दिसतो."

ती वळली. कोठडीसमोरच्या लिंबाखाली जाऊन बसली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावाच्या मळ्यात फौजदार होता, पाच पंच होते, आणि खुशालराव हात जोडून सगळ्यांना उसाचा रस पाजत होता. चौथरा चांगला बांधलेला, दगड घडीव. दर्शनी बाजूचा चुना जुना, उन्हाने पिवळा पडलेला. मागच्या एका दगडाभोवतीचा मात्र पांढरा फेक.

मी पंचांसमोर विचारलं, "खुशालराव, जानराव तुमचा भाऊबंद. त्याचं सुतक पाळलंत?"

"म्हंजे काय! पूरे दहा दिस पाळलं जी."

"भाट तुमच्याकडे जेवला तो कितवा दिवस?"

तो बोटांवर मोजायला लागला आणि सहाव्या बोटाशी थांबला. पंच सगळे कुणबी होते. त्यांना मी पुढचं काही सांगायची गरज पडली नाही. एका म्हाताऱ्या पंचाने हातातला रसाचा पेला खाली ठेवला.

"सुतकात पुरन घातलं? टिळा लावला?" तो म्हणाला.

"चुकलो," खुशालराव घाईने म्हणाला. "नाई पाळलं. ध्यानात राह्यलं नाई."

"भाऊबंदाचं सुतक ध्यानात राह्यत नाई? बापा, थो भाट कसा जेवला मंग?"

पाळलं म्हणावं तर कुंकू खोटं, नाही म्हणावं तर नातं खोटं. आणि त्याच्या वसरीवर भाटाने म्हटलेल्या सात पिढ्या तर दोन्हीकडून खोट्या. भाटाने त्याचं मीठ खाल्लं, पण बाडात नाव घालायला नकार दिला असणार. म्हणून मान म्हणून बांधलेला शेला तिथेच आवळला गेला. पुंजाराम पेठेत भाटाशी भांडल्याचं खुशालरावाला कळलं होतं, म्हणून प्रेत गाडीतून नेऊन त्याच्याच उशाशी गंजीत दडवलं. संशयितांत तिघं होती. मनकर्णा आणि पुंजाराम दोघंही सुतकात. हात कुंकवाने भरू शकेल असं माणूस एकच उरत होतं.

फौजदाराने पांढरा दगड काढायला लावला. आत हाडं नव्हती, राख नव्हती. लाल खारव्याचं गाठोडं होतं.

खुशालरावाने गाठोड्याकडे हात केला. "जाळाले नेलतं जी," तो म्हणाला. "चुलीजवळ बसलो बी. पन माह्या बापाचं नाव हाये त्यात, मायचं हाये. नाई जाळवलं." मला त्या क्षणी त्याची दया आली, आणि तशी यावी याचा रागही आला.

मी बाड उघडलं. रंभाजीचं पान सापडलं. त्याच्याखाली त्याचे दोन मुलगे, आणि थोरल्याखाली ताज्या शाईत भवानीदासाचं अक्षर: पुंजाराम. मी तिथे मळ्यात, सगळ्यांदेखत, मोठ्याने वाचलं. कोणी वाहवा म्हणावं असंही मला वाटलं, हे कबूल करतो.

६

आम्ही परतलो तेव्हा बाराव्या दिवसाची दुपार कलली होती. लिंबाखाली जमुना होती तिथेच बसली होती. तिच्यापुढे चादरीखाली पुंजाराम होता. पहाटे ओकाऱ्या लागल्या आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत तो गेला, असं शिपाई म्हणाला. पटकीला एवढा वेळ पुरतो.

पुढे सगळं रीतसर झालं. खुशालराव फासावर गेला. मनकर्णाबाईने जमुनाचा मुलगा दत्तक घेतला, आणि साहेबाने माझी पाठ थोपटली. त्याचं काही सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं त्या दुपारचंच आहे.

मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. जमुना माझ्या हातातल्या लाल गाठोड्याकडे पाहत होती.

"हाये का त्याचं नाव?"

"आहे."

"दाखवा."

मी पान उघडून बोट ठेवलं. तिने ते अक्षर डोळे भरून पाहिलं. वाचता तिलाही येत नव्हतं.

"भाट त मेला," ती म्हणाली. "आता त्याच्या फुडं कोन लिवन? तुमाले लिवता येते. लिवा, तो कसा मेला ते."

"जमुना, हा पुरावा आहे. साहेबाला द्यायचा आहे. मला यात लिहायचा अधिकार नाही."

"लिवा."

फौजदाराकडून दौत मागून घेतली. लिंबाखाली मांडी घालून बसलो आणि पुंजारामाच्या नावापुढे लिहिलं: शके सतराशे शहाऐंशी, चैत्रात, अमरावतीत पटकीने मेला. तिला वाचून दाखवलं.

"अर्धंच झालं," ती म्हणाली. "कोनाच्या सांगन्यावरून थांबला, ते लिवा. माह्या पोराले समजलं पाह्यजे."

तिचा आवाज चढला नव्हता. रडतही नव्हती. मांडीवरचं मूल झोपलं होतं आणि ती त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत होती. मी पुन्हा लेखणी बुडवली आणि लिहिलं: मुखत्यार कमलाकांत याने निर्दोष आहे हे ठाऊक असून एक दिवस थांबवला, म्हणून.

"वाचा," जमुना म्हणाली.

मी वाचलं.